हार घातलेला सर्व्हर

यंत्राला मन नसतं, त्यामुळे जाणत्या माणसाने त्याला घाबरायचं कारण नाही, असं माझं ठाम मत आहे. होतं. शनिवारी सकाळी अकरापर्यंत.

मुरुमच्या आमच्या वाचनालयाची त्या दिवशी तपासणी होती. साहेब चारला येणार, आणि नवा सर्व्हर चालू दिसला नाही तर वाचनालय 'ब' वर्गातून 'क' वर्गात उतरणार. ग्रंथपाल शिवप्रिया म्हणाली, धाराशिवहून माणूस बोलावू. मी म्हणालो, चाळीस वर्षं उपरोध लिहून मी सरकारं वठणीवर आणली, हा तर डबा आहे. कोणतं सरकार वठणीवर आलं, हे तिने विचारलं नाही. गुणी मुलगी.

अध्यक्ष शांतलिंगअप्पांनी आधी पूजा केली. नारळ फुटला, पण हार अडकवायला डब्याला खिळा नव्हता. लिनक्स ही सर्व्हर चालवणारी प्रणाली ज्यातून बसवायची, तो समोर खोचलेला पेनड्राइव्ह तेवढा बाहेर आलेला. झेंडूचा हार त्याला लटकला, वर हळदकुंकू.

मग मी लिनक्स बसवलं. चोराला सात जन्मांत सुचणार नाही असा चौदा अक्षरी पासवर्ड दिला आणि तो जवळच पडलेल्या वर्तमानपत्राच्या तुकड्यावर लिहून ठेवला. तासाभराने पडद्यावर आलं: काम झालं, पेनड्राइव्ह काढा, मशीन पुन्हा सुरू करा. मी हात घातला. अप्पांनी तो वरच्या वर धरला.

"अण्णा, पूजलेली वस्तू हाय. उद्या दिवस उगवूस्तोवर हलवायची न्हाय."

"यंत्रच सांगतंय, अप्पा."

"त्याला काय कळतंय? आजच आलंय ते."

युक्तिवाद बिनतोड होता. शिवाय अशा सूचना सरकारी फॉर्मवरच्या तळटीपेसारख्या असतात, पाळायच्या नसतात. मी मशीन सुरू केलं. त्याने नम्रपणे विचारलं: लिनक्स बसवायचं का? कोणती भाषा हवी?

मी तोच पासवर्ड देऊन पुन्हा बसवलं. त्याने पुन्हा विचारलं. तीनपर्यंत आम्ही हा संवाद चार वेळा केला. मी डिस्कवर संशय घेतला, विजेवर घेतला, शिवप्रियाच्या चेहऱ्यावरही घेतला. शेवटी पुण्याच्या भाच्याला, कैवल्यला, फोन लावला.

"मामा, पेनड्राइव्ह काढलाय ना?"

"मी तुला मूर्ख वाटतो का?"

तो नाही म्हणाला. मी खरं बोललो नाही आणि खोटंही बोललो नाही. सवय.

पावणेचारला अप्पांना हार सुकलेला दिसला. साहेबांसमोर सुकलेला हार कसा दाखवायचा? त्यांनी झाडलोटीच्या बानूबाईंना ताजा घालायला सांगितला. बाईंनी जुना हार एका झटक्यात ओढला, सोबत पेनड्राइव्हही निघाला. मशीन थिजलं. अप्पांनी डोळे मिटले. मी बटण दाबलं, आणि सर्व्हर भाषा-बिषा न विचारता सुरळीत उठला! ताजा हार अडकवायला आता जागाच उरली नव्हती, म्हणून तो दारात आलेल्या साहेबांच्या गळ्यात पडला.

साहेब खूश. नाव आणि पासवर्ड मागणारा पडदा पाहून त्यांनी 'सर्व्हर चालू' असा शेरा मारला. 'ब' वर्ग राहिला. अप्पांनी त्यांना खोबऱ्याचा प्रसाद पुडीत बांधून दिला आणि साहेब धाराशिवच्या गाडीत बसले.

मग मी ऐटीत खुर्चीवर बसलो आणि पासवर्डचा कागद शोधू लागलो.

"तो व्हय?" अप्पा म्हणाले. "प्रसाद मग कशात बांधू?"

तर वाचकहो, तपासणीसाहेब कुणाच्या ओळखीचे असतील तर एवढंच विचारा: खोबरं खाल्लं असेल, हरकत नाही, पुडीचा कागद टाकला तर नाही ना?