धैर्यवानांची सात अंडी

"वीस जुलैला सकाळी दहा वाजता पहिली किल्ली माझी," असं अच्युतराव धैर्यवान भाडेकरूंच्या सभेत उभे राहून म्हणाले होते. विमा कंपनीतल्या चौतीस वर्षांत एक कागद उशिरा दिला नाही, तर घराची किल्ली काय उशिरा देणार? गिरगावातली त्यांची चार मजली इमारत पाडून तिथे टॉवर उठायचा होता आणि निघायला कोणी तयार नव्हतं. अच्युतरावांच्या त्या वाक्याने दहाबारा जणांना निघायचा धीर आला. सेक्रेटरी हितेंद्र नवलकरांनी तर ते वाक्य इतिवृत्तात जसंच्या तसं लिहून घेतलं.

पण अच्युतरावांनी एक गोष्ट सभेत सांगितली नव्हती. त्यांच्या मागच्या खोलीत, जुन्या शिवणयंत्राच्या टेबलावर, थर्माकोलच्या खोक्यात सापाची सात अंडी उबत होती.

साप अनिमेषचा, म्हणजे त्यांच्या मुलाचा. बिनविषारी, परदेशी जातीचा, सरकारदरबारी रीतसर नोंद केलेला, केशरी रंगाचा. नाव केशर. तीन वर्षं ती घरात होती आणि तीन वर्षं नलूताईंनी नवऱ्याच्या आणि मुलाच्या तोंडाला कुलूप लावलं होतं. "इमारतीत कळलं ना, तर आधी आपल्याला बाहेर काढतील आणि मग तिला," असं त्या म्हणत. मे महिन्यात केशरने अंडी घातली आणि पंधरा दिवसांत अनिमेषला बंगळुरूला नोकरी लागली. केशरला तो घेऊन गेला. अंडी मागे राहिली.

"बाबा, अंडी हलवायची नाहीत," त्याने बजावलं होतं. "वर पेन्सिलची खूण केलीय, ती वरच राहिली पाहिजे. उलटलं तर आतलं पिल्लू जातं. साठ दिवसांनी पहिलं पिल्लू आतून चीर पाडेल. त्यानंतर निदान दोन दिवस थांबायचं. मदत करायची की नाही ते मी सांगेन. तोवर कात्री हातात घ्यायची नाही."

साठ दिवस सतरा जुलैला भरत होते. अच्युतरावांनी वर तीन दिवस राखून ठेवले होते. विमा कंपनीतला माणूस.

सतरा तारीख आली. अंडी ढिम्म. अठराला टेम्पो आला, सामान दादरच्या भाड्याच्या जागेत गेलं आणि त्याबरोबर नलूताईही गेल्या. जाताना त्यांनी खोक्याकडे बघितलंसुद्धा नाही. "नव्या जागेच्या मालकाला मी शब्द दिलाय, घरात प्राणी नाही म्हणून. ती पिल्लं अनिमेषच्या परळच्या मित्राकडे पोचवा आणि मगच दाराची बेल वाजवा."

रिकाम्या घरात अच्युतराव, एक सतरंजी, एक पाण्याचं पिंप, एक बादली आणि टेबलासकट ते खोकं एवढंच उरलं. भिंतींवर तसबिरींचे चौकोन पांढरे पडले होते. आपलंच घर त्यांना दवाखान्यासारखं वाटायला लागलं.

एकोणीसला नवलकरांनी त्यांना गॅलरीत गाठलं. "अच्युतराव, वहिनी गेल्या, सामान गेलं. तुम्ही का थांबलात?"

खोटं बोलायची सवय नव्हती. खरं बोलायची सोय नव्हती. अच्युतराव म्हणाले, "अजून वेळ आलेली नाही. आतून हालचाल झाली पाहिजे. आपण घाई केली की सगळंच हातचं जातं."

नवलकरांनी अच्युतरावांचा हात दाबला आणि ते हे सगळ्यांना सांगायला खाली गेले.

वीस तारखेला सकाळी दहा वाजता एकही किल्ली आली नाही. अकराच्या सुमारास एका अंड्यावर केसाएवढी चीर दिसली. त्यातून शेंगदाण्याएवढं डोकं बाहेर आलं, अच्युतरावांकडे बघून परत आत गेलं. अच्युतरावांनी बंगळुरूला फोन लावला आणि बापलेक दोघेही पाच मिनिटं नुसतेच हसत होते. बऱ्याच दिवसांनी.

दुपारी बिल्डरचा माणूस वरद आला. अतिशय नम्र. पायातले बूट बाहेर काढून, रिकाम्या घरात कुठे बसावं ते न कळल्यामुळे उभाच राहिला.

"काका, तुमची अपेक्षा तरी कळू द्या."

अच्युतरावांचं अर्धं लक्ष मागच्या खोलीत होतं. "सात," त्यांच्या तोंडून निघून गेलं.

"सात काय?"

"सातही सुखरूप बाहेर पडावीत. एवढंच."

वरदने मान डोलावली आणि डायरीत टिपून घेतलं. इमारतीत त्या दिवशी बरोबर सात बिऱ्हाडं उरली होती, हे अच्युतरावांच्या ध्यानात तो जिना उतरून गेल्यावर आलं.

एकवीसला पाणी बंद झालं. तरी कोणी हललं नाही. पहिल्या मजल्यावरच्यांनी बांधलेल्या गाद्या सोडल्या. जिन्यात भेटेल तो अच्युतरावांना वाट करून देत होता. एकाने तर त्यांचं पिंप भरून वर आणून ठेवलं. अच्युतरावांना वाटलं, शेजारधर्म. ते आपले पिल्लं मोजत होते. एक, दोन, संध्याकाळपर्यंत चार. बुटाच्या नाडीएवढी, ओली, चकचकीत. बावीसला सकाळी पाचवं. दोन अंडी मात्र कोपऱ्यात तशीच होती, जरा पिचकलेली.

"कोपऱ्यात ऊब कमी लागते बाबा," अनिमेष फोनवर म्हणाला. "ती मागे पडली असतील. अजून एक दिवस द्या. आत्ता कापलं तर बलक पिल्लाच्या पोटात न जाता बाहेरच राहील."

बाराच्या सुमारास दार वाजलं. बाहेर सहाही बिऱ्हाडं उभी. पुढे नवलकर.

"अच्युतराव, वरदचा निरोप आलाय. आज चारपर्यंत किल्ल्या दिल्या नाहीत तर पर्यायी जागा रद्द. पण तुम्ही म्हणाल तसं. तुमच्या जिवावर आम्ही थांबलोय."

"माझ्या जिवावर?"

"तुम्हीच म्हणालात ना, घाई करायची नाही. कालिंदीकाकूंनी तर परवा पुतण्याला टॅक्सीसकट परत पाठवला. अंबरनाथहून आला होता बिचारा."

मागे कठड्याला धरून कालिंदीकाकू उभ्या होत्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, तळमजल्यावर एकट्या राहणाऱ्या. दोन दिवस त्या कोपऱ्यावरच्या नळावरून तांब्या-तांब्याने पाणी आणत होत्या, हे अच्युतरावांना आत्ता कळलं. त्यांना ब्रह्मांड आठवलं. आता आणखी एक शब्द जपून बोलायची ताकद त्यांच्यात राहिली नव्हती. ते बाजूला झाले आणि म्हणाले, "आत या. मी कशाची वाट बघतोय ते बघा."

सगळे आत गेले. खोक्यात वळवळणारी पिल्लं दिसली आणि सगळे मागे सरले.

सात वर्षं कोर्ट, कमिट्या आणि सभा होऊन जे जमलं नव्हतं ते पुढच्या चाळीस मिनिटांत झालं, इमारत रिकामी झाली. नवलकर तर एक चप्पल मागे टाकून गेले. जाताना कोणी शिवी दिली नाही, कोणी भांडलं नाही. फक्त पहिल्या मजल्यावरच्या अक्षताने जिन्यातून वर बघून विचारलं, "काका, आम्ही ह्याच्यासाठी थांबलो होतो?"

काकू तेवढ्या राहिल्या. उपड्या बादलीवर बसून खोक्यात डोकावत होत्या.

"काकू, भीती नाही वाटत?"

"तीन वर्षं माहीत आहे मला. अनिमेष केशरला खायला बर्फातले उंदीर आणायचा ना, तो डबा माझ्या फ्रिजमध्ये असायचा. तुझ्या नलूला चालत नव्हता म्हणून."

अच्युतराव थक्क झाले. "मग बोलला नाहीत कधी?"

"तू तरी कुठे बोललास," काकू म्हणाल्या. मग बादली टेबलाजवळ ओढत, "मला वाटलं, अच्युत थांबतोय म्हणजे आणखी थोडे दिवस मिळतील. पुतण्याच्या घरी मला हॉलमध्ये खाट टाकलीय. पन्नास वर्षं स्वतःचं दार लावून झोपलेय रे मी."

अच्युतराव घड्याळाकडे बघत होते. सव्वातीन. चारला वरद येणार. अंडी हलवायची नाहीत आणि ठेवायला घर नाही. त्यांनी नखं कापायची छोटी कात्री काढली, डेटॉलने पुसली. अनिमेषला फोन लावावा असं एकदा मनात आलं. तो नको म्हणेल हे माहीत होतं, म्हणून लावला नाही.

"थांबता येणार नाही का?" काकूंनी विचारलं.

"कुठे थांबू, काकू?"

सहाव्या अंड्याला त्यांनी वरून नखाएवढी चीर दिली. काकूंनी त्यांचं मनगट धरलं होतं. आत काहीतरी वळवळलं आणि चिरेतून इवलंसं नाक बाहेर आलं. पाऊण तासात तेही बाहेर पडलं. सातव्याला चीर दिली तेव्हा पिवळा बलक दिसला, त्यावरून गेलेली लाल दोऱ्यासारखी शीर दिसली, आणि कात्री त्या शिरेला लागलेली दिसली. पिल्लू तीनदा हललं. मग हललं नाही.

अच्युतरावांनी त्यावर ओला रुमाल टाकला. तो पुन्हा उचलून बघितला, पुन्हा टाकला. काकू म्हणाल्या, "पुरे आता." दोघांनी मिळून ते गॅलरीतल्या तुळशीच्या रिकाम्या कुंडीत पुरलं.

वरद सव्वाचारला आला, छत्री झटकत. किल्ल्या घेतल्या, कागद पुढे केला. पुतण्याला रविवारपर्यंत सवड नव्हती, म्हणून अच्युतरावांनी काकूंना दादरला आपल्याकडे न्यायचं ठरवलं होतं. नलूताईंना अजून सांगितलं नव्हतं. आधी परळला पिल्लं पोचवायची, मग दादर. काकूंना त्यांनी टॅक्सीत बसवलं, भोकं पाडलेला डबा त्यांच्या मांडीवर दिला आणि सही करायला परत आले.

"उद्यापासून तोडायला घेणार?" त्यांनी विचारलं.

"छे हो काका. पावसाळ्यात कोण हात लावतंय? परवानगीच आलेली नाही अजून. दिवाळीनंतर बघू."

"मग वीस तारीख?"

"तारीख द्यावीच लागते. नाहीतर निघतं कोण?" वरद सरळपणे म्हणाला. "तुम्ही मागितले असते तर आठ-पंधरा दिवस सहज दिले असते. तुम्ही काही मागितलंच नाहीत."

अच्युतरावांनी सही केली आणि टॅक्सीत येऊन बसले. डब्यात सहा पिल्लं एकमेकांत गुंतून पडली होती. काकूंनी विचारलं, "काय म्हणाला तो?"

"काही नाही," अच्युतराव म्हणाले. "जरा घाई झाली म्हणाला."