फटफटीच्या झाकणाची मसलत

श्री. फिरत्या चाकास आणि पेटत्या ठिणगीस नमन करून लिहिले ऐसे की, शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, श्रावणमासी नागोजीराव सरकार यांचे राज्यावर मोठा प्रसंग गुदरला. राज्य म्हणजे अंगण, पडवी आणि पडवीत उभी एक फटफटी. तिचे इंजिनाचे झाकण तडकून तेल गळे, आणि तैसे झाकण बाजारात मिळेनासे जाहले होते. राणीसाहेब द्वारकाबाई यांणी बजाविले की, दसऱ्यास बंद गाडीस आम्ही हार घालणार नाही, फोटोस घातल्यासारखा दिसतो. तोवर चालली तर ठेवू, नाही तर भंगारात देऊ. नवे लग्न जाहले तेव्हा उभयतां हिजवरच फिरत असत, आणि सरकारांचा या गाडीवर फार जीव.

मग सरकारांनी मनसुबा केला की झाकण घरीच ओतावे. आणि गेणूबा सुतार व महादबा ओतारी मसलतीस आले, आणि चहा जाहला, आणि ठरले की सरकारांनी पडवीवर खडूने आकृती काढावी, गेणूबांनी तिजबरहुकूम लाकडी फर्मा करावा, आणि महादबांनी तो वाळूत दाबून साच्यात धातू ओतावा. धातू म्हणजे फुटके झाकण आणि जर्मनची, म्हणजे अल्युमिनियमची, जुनी पातेली. एका ओतणीपुरता, अधिक चिमूटभर नाही.

आता धातू निवताना आकसतो हे तिघांसही ठाऊक. म्हणोन सरकारांनी आकृती किंचित मोठी काढली, आणि बोलले नाहीत. मग गेणूबांनी, सरकारांस हे कोठून सुचणार म्हणोन, फर्मा किंचित मोठा तासला, आणि बोलले नाहीत. मग महादबांनी, सुताराचा हात आखडता म्हणोन, फर्म्याचे कडेस लग्नपत्रिकेचा पुठ्ठा डकविला, आणि तेही बोलले नाहीत. मग ओतणीचे सकाळी फर्मा इंजिनावर धरिला, तो बापाची टोपी लेकाचे डोक्यावर ऐसा प्रकार. तैसेच ओतले असते तर धातू पुरता ना आणि झाकण बसते ना. मग तिघांनीही आपापली चोरून धरिलेली वाढ कबूल केली.

लसूण सोलीत बसलेल्या राणीसाहेब म्हणाल्या, “तिघांनीही आमटीत मीठ घातलंत. आणि प्रत्येकानं चवीपुरतंच.”

मग आकसण्यापुरती वाढ कोणी एकाने धरावी यावर वाद पडला. सरकार म्हणत ओताऱ्याने, महादबा म्हणत हा मान सरकारांचा, गेणूबा म्हणत आपण मध्ये बोलणार नाही, आणि बहुत बोलले. शेवटी निवाडा राणीसाहेबांनीच दिला. “जो विस्तवापाशी बसतो त्यानं धरावी. बाकीच्यांनी हात आवरा.”

मग पुठ्ठा निघाला, आकृती नव्याने जाहली, फर्मा तासून बेताचा केला, वाढ महादबांनी आपले अंदाजाने धरिली, आणि धातू ओतला. झाकण निवाले आणि थोडी कानस मारिता जागेवर बसले. सरकार बहुत संतोष पावले.

एवं, तेल गळायचे राहिले, आणि दसऱ्यास हार पडून फटफटी वेशीपर्यंत जाऊन आली. मागे राणीसाहेब बसल्या होत्या, सरकारांचे खांद्यावर हात ठेवून. यापरते राज्य वाढवावे ऐसे सरकारांस वाटले नाही.