पॅड गार होईपर्यंत

आमचे घरमालक तुकोजीअण्णा एकदा स्वतःच्याच घरावरून सहा वेळा गाडी घेऊन गेले आणि एकदाही थांबले नाहीत. फाटकात हुबळीहून आलेले सख्खे साडू बॅग घेऊन उभे होते. अण्णा दर फेरीला खिडकीतून हात बाहेर काढून "आलो, आलो!" म्हणत आणि पुढे निघून जात. सातव्या फेरीला साडू आपले आपण आत जाऊन कॉफी प्यायला बसले.

कारण साधं होतं. आदल्या संध्याकाळी गाडीला नवे ब्रेक पॅड बसवले होते.

मी त्र्याण्णव साली पुण्याहून कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी बंगळूरला आलो आणि मल्लेश्वरममध्ये अण्णांच्या वरच्या खोलीत राहिलो. त्यांचं मराठी घराणं तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं. स्वतः अण्णा कारखान्यातून निवृत्त झालेले, आयुष्य दुसऱ्यांनी केलेलं काम तपासण्यात गेलेलं. इथल्या, बंगळूरच्या शिवाजीनगरातल्या मेकॅनिकने "चलाते रहो साब, अपने आप बैठ जायेंगे" म्हटलं, तर तो त्यांना स्वतःचा अपमान वाटे.

"अपने आप कसं बैठतील?" ते मला विचारत. "पॅडची आणि डिस्कची स्वल्प ओळख होऊ दे की!"

ही ओळख करून द्यायला पहाटे साडेपाचला तुमकूर रोड गाठायचा. साठचा वेग धरायचा, घट्ट ब्रेक दाबून दहावर आणायचा, पण थांबायचं नाही. असं दहा वेळा. मी मागच्या सीटवर, मोजायला. सातव्या वेळेपर्यंत माझ्या पोटातलं सगळं घशाशी आलेलं असे आणि अण्णा आरशातून विचारत, "सात झाले की आठ? नीट सांग, नाहीतर पहिल्यापासून." मी निर्लज्जपणे आठ सांगत असे.

खरा जाच पुढे होता. तापलेले पॅड दाबून गाडी उभी केली की डिस्कवर डाग पडतो आणि मग ब्रेक मारताना पाय थरथरतो, म्हणून ते गार होईपर्यंत गल्लीबोळांतून हळूहळू फिरत राहायचं. शेवटी हँडब्रेकवर गाडी उभी करून अण्णा पुढच्या चाकाशी उकिडवे बसत, तळवा जवळ धरत आणि निकाल देत, "गार. सरी." म्हणजे ठीक. मगच इडली.

ब्रेकवर तासभर बोलणारा हा माणूस घरात मात्र मुका. घरात ते आणि मुलगी शालिनी, दोघंच. मी तिला अक्का म्हणे. ती बँकेत होती. दोघांचं दिवसभराचं बोलणं म्हणजे "जेवलीस?" आणि "हो." मला त्याचा राग यायचा.

मग अक्काची बदली शिमोग्याला झाली. अण्णांनी गाडी तिला देऊन टाकली आणि नवे पॅड बसवून आणले. रविवारी नऊला तिने निघायचं ठरलं. पहाटे आम्ही तिघं तुमकूर रोडला गेलो, अक्का पुढे. दहा झाले. या वेळी मी खरे मोजले.

परत आल्यावर गल्लीतल्या फेऱ्या सुरू झाल्या. दुसऱ्या फेरीला अण्णा एकदम अक्काला म्हणाले, "तिथल्या खोलीला आतून कडी हाय न्हवं?"

"आहे, अण्णा."

"जेवायला?"

"मेस आहे जवळ."

मग ते बोलतच सुटले. ती लहानपणी स्टिअरिंग धरून मांडीवर बसायची ते, घाटात कुठल्या गिअरला उतरायचं ते, घरी आता आपण एकटे म्हणून कुकर लहान घ्यावा का ते. मी मागेच होतो, पण फेऱ्या किती झाल्या ते मोजलं नाही.

शेवटी गाडी फाटकाशी थांबली. अण्णा उतरलेच नाहीत, स्टिअरिंग धरून समोर बघत राहिले. अक्काच उतरली, चाकाशी उकिडवी बसली आणि तळवा धरला. मीही खाली उतरून हात लावून पाहिला. चाक गारठलेलं होतं.

अक्काने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मोठ्याने म्हणाली, "अजून गरम आहेत, अण्णा."

"मग थांबून कसं चालंल? बस आत!"

तिची बॅग पायरीवर होती, बॅगेजवळ मी उभा राहिलो. नऊ वाजून गेले होते. गाडी पुन्हा गल्लीतून गेली तेव्हा अण्णांचं माझ्याकडे लक्षही नव्हतं. ते बोलत होते.