धुरातला बसथांबा

संसाराला प्रेम लागतं असं समजणाऱ्यांनी फेब्रुवारीअखेर आमच्या टॅलनबूल गावी येऊन राहावं. संसाराला अंगण लागतं. रॉडनी आणि थेल्मा पिकेट यांचा सुखी संसार याच पायावर उभा होता: रॉडनी दिवसभर टोमॅटोच्या वाफ्यात, थेल्मा घरात. गाठभेट जेवायला.

यंदा डोंगरात वणवा लागला आणि गावावर धूर येऊन बसला. नगरपालिकेनं फर्मावलं, दारं-खिडक्या लावा, फटींत ओले टॉवेल कोंबा आणि 'मनःशांती देणारा एखादा छंद जोपासा'. (कुणाची मनःशांती, ते परिपत्रकात नव्हतं. परिपत्रकात सगळंच कसं मावणार?) आमचं गाव आज्ञाधारक. शेजारच्या क्लाइव्हनं लाकडाची बदकं कोरायला घेतली, आणि रॉडनीनं माळ्यावरून आजोबांचा बॅगपाइप काढला.

बॅगपाइप हे उमदं वाद्य आहे. वाजवणारा एका डोंगरावर आणि ऐकणारा दुसऱ्या डोंगरावर असावा, एवढीच त्याची अट. पिकेटांची बैठकीची खोली बारा फुटांची.

थेल्माला दमा. धुरात पाऊल टाकायचं नाही, ही डॉक्टरांची सक्त ताकीद. तरी ती रोज दुपारी मास्क बांधून बाहेर पडू लागली. "गावच्या हॉलवर वणवाग्रस्तांच्या मदतीला जाते," म्हणायची. रॉडनीला बायकोचा अभिमान वाटला. त्यानं रियाज वाढवला.

एके दिवशी ती दम्याचा पंप घरीच विसरली. पंप घेऊन रॉडनी हॉलवर धावला, तर हॉलला कुलूप. धुरात समोरचं दिसेना. हाका मारत मारत तो बसथांब्याशी पोचला. तिथं थेल्मा, क्लाइव्हची बायको आयव्ही आणि गल्लीतल्या आणखी चारपाचजणी विणकाम करत, खोकत, खिदळत बसल्या होत्या.

"अगं, दमा आहे ना तुला? इथं काय करतेस?"

"श्वास घेतेय," थेल्मा म्हणाली.

"आमच्याकडे टेकायला जागा नाही रे," आयव्ही म्हणाली. "खुर्चीखुर्चीवर बदकं."

रॉडनीनं पंप थेल्माच्या हातात ठेवला. "एवढं वाईट वाजवतो मी?"

"वाईट नाही रे. जवळून वाजवतोस."

"मग बोलायचं नाहीस का?"

"इतक्या वर्षांत पहिल्यांदाच घरात रमलास. सांगायला जीव होईना."

रॉडनी म्हणाला, "तू घरी जा. उद्यापासून मी बसतो इथं."

दुसऱ्या दिवशी थांब्यावर तो आणि त्याचा बॅगपाइप. शेजारी क्लाइव्ह, बदकांसह. बस थांबेनाशी झाली. नगरपालिकेनं याची 'मुक्त वातावरणातील सांस्कृतिक चळवळ' अशी नोंद घेतली. वातावरण मुक्त होतं, पण श्वास घेण्याजोगं नव्हतं. आठवडाभरात रॉडनीचा घसा बसला. डॉक्टरांनी महिनाभर फुंकायला आणि बोलायला बंदी घातली.

थेल्मा त्याला लिंबू-मध पाजायची आणि शेजारी बसून तासन् तास बोलायची. "आमच्यात इतका गोड संवाद आजवर झाला नव्हता," तिनं मला कुंपणावरून सांगितलं. (संवादातला दुसरा पक्ष मान हलवत होता.) पुढं पाऊस आला, धूर गेला, रॉडनी वाफ्यात परतला. थेल्मा दोनदा त्याला घरात बोलवायला गेली म्हणे.

तुम्ही हसताय. हसा. तुम्हांलाही काहीतरी छंद असेलच: गाणं, कविता, निदान वाचलेलं इतरांना मोठ्यानं ऐकवणं. घरचे कौतुकही करत असतील. आणि संध्याकाळी न चुकता फिरायला जात असतील. तब्येतीसाठी, असंच सांगतात ना?