चेन कुप्पीवाले दिघे

दिघेकाका कुणाच्याही घरात शिरले की आधी छताकडे बघायचे. नमस्कार, पाणी, खुशाली हे सगळं नंतर. डोक्यावर पंखा, झुंबर किंवा नुसतं तोरण जरी लोंबत असलं, तरी ते त्याच्या खालून बाजूला व्हायचे आणि दुसऱ्यांनाही बाजूला करायचे. "लटकणाऱ्या वस्तूखाली माणूस नको," एवढंच म्हणायचे. आवाज चढवायचे नाहीत, पण तुम्ही हलेपर्यंत तिथून जायचेही नाहीत.

आमची पहिली भेट झाली ती आमच्या वास्तुशांतीला. गाझियाबादच्या बाजूला, दिल्लीची हद्द ओलांडली की लगेच, तेव्हा नवीन वसाहती उठत होत्या. रस्ते कच्चे, वीज मर्जीची, आणि चार मजली इमारतींना लिफ्ट नावाची गोष्टच नाही. आम्ही सरोजिनी नगरच्या भाड्याच्या खोलीतून इथे चौथ्या मजल्यावर स्वतःच्या घरात आलो, तेव्हा आपण गौरीशंकर सर केलं असं मला वाटलं होतं. तळमजल्यावर एक मराठी गृहस्थ राहतात असं कळलं म्हणून त्यांनाही बोलावलं. ते आले, वर बघितलं आणि ऐन संकल्पाच्या वेळी गुरुजींना म्हणाले, "गुरुजी, जरा इकडे सरका. तुम्ही बरोब्बर पंख्याखाली आहात." गुरुजी म्हणाले, मी पंख्याखाली मुद्दामच बसलोय. दिघेकाका हलले नाहीत. शेवटी गुरुजी पाटासकट सरकले आणि ऐन मे महिन्यात घामाने थबथबत त्यांनी होम उरकला. जाताना ते अविनाशला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, बाजूला घेऊन म्हणाले, "ते गृहस्थ कोण आहेत? घरचे आहेत का?" अविनाशने घाईघाईने नाही म्हणून सांगितलं.

दिघेकाका साहिबाबादच्या एका कारखान्यात होते. जड माल उचलायची, हलवायची यंत्रं तिथे बनायची. क्रेन, होइस्ट, फोर्कलिफ्ट, ढकलगाड्या. दिघेकाका ती गिऱ्हाइकाकडे बसवून द्यायचे आणि तिथल्या लोकांना शिकवायचे. हुकाला माल लटकत असताना त्याखाली कुणी उभं राहायचं नाही, हा त्या धंद्यातला पहिला धडा. बाकीचे लोक तो कारखान्याच्या फाटकात ठेवून घरी येत. दिघेकाका तो बरोबर घेऊन आले होते.

एकदा मी त्यांना हळूच विचारलं, कधी काही अपघात वगैरे झाला होता का. मला वाटलं, आता एखादी दुःखाची गोष्ट बाहेर येणार. ते म्हणाले, "काहीच झालं नाही. मी बसवलेल्या यंत्राखाली आजवर कुणाला खरचटलंसुद्धा नाही. तेच तर सांगतोय."

त्या वर्षांत सगळीकडे एकच विषय होता, देश खुला झाला. आमच्या शेजारणी परदेशी शाम्पूबद्दल बोलायच्या, अविनाशच्या ऑफिसात नव्या नोकऱ्यांबद्दल बोलायचे. दिघेकाकांना यातलं फक्त एवढंच दिसायचं की नोएडाकडे आणि गुडगावकडे नवीन कारखाने येतायत आणि त्या सगळ्यांना काही ना काही उचलायचंय. "लोक म्हणतात परदेशी चॉकलेटं आली," ते म्हणायचे. "अरे, पण ती गोदामात वरच्या फळीवर कोण ठेवणार? अर्थमंत्री येणारेत का? फोर्कलिफ्टच ठेवणार." फोर्कलिफ्टचा विषय निघाला की त्यांचा चेहरा फुलायचा. हत्तीला अक्कल असते आणि फोर्कलिफ्टला शिस्त असते, असं त्यांचं मत होतं. माणसात दोन्ही असू शकतात, पण सहसा नसतात.

बोलण्यापेक्षा हातवारे त्यांना जवळचे. क्रेन चालवणारा वर बसलेला, खाली गोंगाट, म्हणून तिथे खुणा चालतात. त्या खुणा ते भाजीवाल्यालाही करायचे. मूठ वळली की थांब, बोट वर करून फिरवलं की चढव, खाली करून फिरवलं की उतरव. भाजीवाल्याने पुष्कळ दिवस त्याचा अर्थ भाव उतरव असा घेतला आणि म्हणे खरोखर उतरवला.

आमचं लोखंडी कपाट मात्र त्यांच्यामुळेच घरात आलं. जिन्याच्या वळणावर ते असं अडकलं की वरही जाईना आणि खालीही येईना. हमाल त्याला टेकवून बिडी ओढायला निघून गेले. रविवारी दिघेकाका कारखान्यातून चेन कुप्पी घेऊन आले. म्हणजे साखळी आणि कप्प्यांचं, हाताने ओढून ओझं चढवायचं साधन. गच्चीवरून त्यांनी एक लोखंडी गर्डर बाहेर काढला, मागच्या टोकावर वाळूची पोती रचली आणि खाली दोरी बांधून अंगण मोकळं केलं. सोसायटीचे सेक्रेटरी त्यागीजी पुढे पुढे करत होते, त्यांना तर हाताला धरून दोरीबाहेर नेऊन उभं केलं. मग ते कपाट तिसऱ्या मजल्याच्या लोकांना आरशात तोंड दाखवत सावकाश आमच्या बाल्कनीत आलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून सगळी सोसायटी त्यांना चेन कुप्पीवाले म्हणायला लागली. दुसऱ्याला कदाचित राग आला असता. यांनी ते नाव फारच आवडल्यासारखं लावून घेतलं.

घरात ते एकटेच असत. त्यांच्या बायकोचे, सुधाताईंचे, गुडघे दुखायचे म्हणून त्यांनी तळमजल्यावरची जागा घेतली होती. मागे छोटं अंगण. त्यात अळू लावायचं, कढीपत्ता लावायचा, असं सुधाताईंनी ठरवलं होतं. जागेचा ताबा मिळायच्या आधीच त्या गेल्या. मूलबाळ नव्हतं. दिघेकाकांनी एकट्यानेच अळू लावलं, कढीपत्ता लावला आणि दोन्ही शेजाऱ्यांना वाटत बसले.

मग माझे सासरे पडले. सासूबाई गेल्यावर अप्पा साताऱ्याहून आमच्याकडे यायचे होते. येताना स्टेशनवरच पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. इथल्याच इस्पितळात शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी बजावलं की जिना बरेच महिने नाही. आणि आमचं घर चौथ्या मजल्यावर. खुर्चीत बसवून न्यावं, तर ज्या वळणावर कपाट अडकलं होतं तिथे अप्पांना तिरकं करावं लागलं असतं.

अविनाशला वाटलं, मार्ग तर समोरच आहे. त्यागीजींनाही तसंच वाटत होतं. अलमारी आ गई तो बाबूजी क्यों नहीं आएँगे, असं ते दोन दिवस सगळ्यांना सांगत होते. अप्पा घरी येणार होते त्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही तिघं दिघेकाकांकडे गेलो.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि नाही म्हणाले.

अविनाशने समजावलं. खुर्ची मजबूत घेऊ, पट्टे बांधू, खाली गाद्या टाकू. दिघेकाका मान हलवत राहिले. ही साधनं मालासाठी असतात, म्हणाले, त्यांनी माणूस उचलायचा नसतो. त्यागीजी म्हणाले की इथे कोण तपासायला येणार आहे. त्यावर दिघेकाकांनी त्यांच्याकडे असं बघितलं की त्यागीजींनी चहाचा कप उचलला आणि त्यातच बघत राहिले.

"माझे वडील आहेत ते," अविनाश म्हणाला. "तुम्हाला तुमचे नियम पडलेत. मी त्यांना कुठे ठेवू?"

आम्ही उठून आलो. जिना चढताना अविनाश म्हणाला, "या माणसाला लोखंड कळतं, बाकी काही नाही." मलाही त्या क्षणी ते पटलं.

सकाळी आम्ही इस्पितळात जायला निघालो तर ते दारात उभे. दाढी झालेली, हातात कपड्यांची बॅग आणि एक टेबलफॅन.

"अप्पांना माझ्याकडे घेऊन या," ते म्हणाले. "म्हणजे आता तुमच्याकडे. तुम्ही खाली राहा, मी वर राहतो. पलंग मी अंगणाच्या खिडकीपाशी लावलाय."

काल जे बोललो, असं काहीतरी अविनाश सुरू करत होता. दिघेकाकांनी मूठ वळून दाखवली. थांब.

अप्पा दुपारी गाडीतून उतरले ते थेट त्या पलंगावर. काही महिन्यांसाठी म्हणून गेलेलो आम्ही, पण अप्पांचा पाय पुढे पूर्ण बरा झालाच नाही. ते त्या घरात दोन-अडीच वर्षं राहिले. शाळामास्तर असल्यामुळे कुणाचं ऐकायची त्यांना सवय नव्हती. दिघेकाकांनी पलंग पंख्यापासून लांब लावला होता, अप्पांनी पहिल्याच दिवशी माझ्याकडून तो पंख्याखाली लावून घेतला. रोज संध्याकाळी दिघेकाका खाली येत, पलंग सरकवत, मग दोघं अंगणात बसत. अप्पा त्यांना शिवकालातल्या गडांवर तोफा कशा चढवल्या असतील ते सांगत आणि दिघेकाका त्यात चुका काढत. तोफ अशी चढणारच नाही, म्हणत. अप्पा म्हणत, चढली होती, इतिहास आहे. मला आत ऐकू यायचं आणि बरं वाटायचं.

अप्पा गेले ते झोपेत, शांतपणे. सगळं आटोपल्यावर, पाहुणे परत गेल्यावर, मी आणि अविनाशने ठरवलं की आता त्यांचं घर त्यांना परत द्यायचं. अविनाश ऑफिसला गेला होता. मी अळूचं फदफदं केलं होतं ते डब्यात घालून वर गेले.

दार त्यांनी लगेच उघडलं. मी म्हटलं, "काका, आम्ही या महिन्यात वर येतो. तुम्ही आता तुमच्या घरी जा. तुमच्याही गुडघ्यांचा विचार करायला हवा. आणि अंगण सुधाताईंसाठी घेतलं होतं तुम्ही."

ते डबा हातात धरून उभे राहिले.

"राहू दे गं," ते म्हणाले. "मला इथंच बरं आहे."

मी कारण विचारलं. ते मग खिडकीतून बाहेर बघत, बोलायची सवय नसलेल्या माणसासारखे थांबत थांबत म्हणाले, "खाली होतो ना, तेव्हा घंटी सारखी वाजायची. मला वाटायचं, कोणी आलं. उठून जायचो. तर कुणाला शर्मांचा पत्ता हवा असायचा, कुणी गॅसचं सिलिंडर दुसऱ्याचं आणलेलं असायचं. दिवसातून चार वेळा दार उघडायचो, आणि माझ्याकडे आलेलं कोणी नसायचं." ते जरा हसले. "चौथ्या मजल्यावर चुकून कोणी चढत नाही, मेधा. इथं वाजली ना, की ती माझ्यासाठीच."

त्यांनी डबा ओट्यावर ठेवला, चहाचं आधण ठेवलं आणि साखर किती म्हणून विचारलं. मी माझ्याच जुन्या स्वयंपाकघरात, खुर्ची ओढून, पाहुणीसारखी बसून राहिले.