गालिच्यावरील जंग व तिसऱ्या थापेची फत्ते

ऐकणाऱ्यांनी कान द्यावे आणि हसणाऱ्यांनी तोंडास रुमाल लावावा, कारण पुढील मजकूर बहुत गंभीर आहे. थोरले बंधू, वीजमीटर दुरुस्तीच्या कारखान्याचे मुकादम, वजनाने व हुद्द्याने भारदस्त, यांनी रविवारी दुपारी लहानपणीचा लाडका टीव्हीवरील कुस्त्यांचा कार्यक्रम पुन्हा पाहण्याची मसलत केली, आणि धाकटे बंधू, दातांचे डॉक्टर, यांनी तो जुना खजिना मोबाइलातून धुंडाळून मोठ्या पडद्यावर चढविला, आणि मग मातोश्री आरामखुर्चीत व वहिनीसाहेब दारात, ऐसा दरबार भरला.

त्या कार्यक्रमाचा महिमा काय वर्णावा! चकाकत्या चड्डीतील वीराने लोखंडी खुर्चीने शत्रूस झोडपावे, आणि पंचाने नेमके तेव्हाच पाठमोरे होऊन बुटाची नाडी बांधीत बसावे, ऐसा तेथील इन्साफ. थोरल्यांनी तो लहानपणी शपथेवर खरा मानिला होता. आता पाहतात तो ठोसा हवेत जातो आणि गडी आधीच कोसळतो. धाकट्यांनी फिदीफिदी हसत जाहीर केले, की हा सारा कारभार आधी ठरलेला, पंचासकट. तेव्हा थोरल्यांचे मुखकमल उतरले.

कारण त्यांच्या लेखी पंच म्हणजे मातोश्री. पूर्वी कार्यक्रम संपताच उभय बंधूंनी गादीवर तीच जंग आरंभावी, आणि मातोश्रींनी स्वयंपाकघराच्या दारावर थापा मारून मोजणी करावी, तिसऱ्या थापेपर्यंत जो दबून राहील तो हरला. थोरल्यांनी धाकट्यांस दाबावे, मातोश्रींनी दोन थापा माराव्या, आणि तिसरीस हात आखडून फर्मान सोडावे, की तो लहान आहे, सोड त्याला. ऐशा रीतीने थोरले उभ्या बालपणात एकही जंग जिंकले नाहीत. पुढे हेच फर्मान खिडकीजवळच्या पलंगास, सायकलीस आणि घरातल्या मोठ्या खोलीस लागू जाहले, आणि थोरले सोडीत गेले, आणि समजूतदार म्हणून लौकिक पावले. एकास समजूतदार म्हटले, की बाकीच्यांस कसलीच समजूत लागत नाही.

मग त्या दुपारी सबुरीचा बांध फुटला. टीपॉय हटविण्याचा हुकूम सुटला, चष्मे वहिनीसाहेबांच्या स्वाधीन जाहले, आणि पन्नाशी ओलांडलेले दोन्ही सरदार गालिच्यावर उतरले. थोरल्यांनी पोटाचा तोफखाना पुढे लोटला, आणि धाकटे लेंग्याची नाडी सांभाळीत माघार घेते जाहले, आणि मग एकाच रेट्यात चीत. मातोश्रींनी खुर्चीच्या दांड्यावर एक थाप मारिली, दुसरी मारिली, आणि सवयीने हात वरच थांबला.

"अगं आई, लहान कसला? कवळी आहे त्याला!" थोरले ओरडले. "एकदा तरी माझ्या बाजूनं मोज ना!"

धाकट्यांचे हसू पार मावळले. मातोश्रींनी थोरल्यांकडे पाहिले आणि आज्ञा केली, की पुन्हा पाडावे. परंतु ऐन मोक्यावर थोरल्यांच्या कंबरेने दगा दिला, आणि ते होते तेथेच ओणवे अडकले. तेव्हा धाकटे आपणहून उताणे पडले, आणि थोरल्यांस दंडास धरून अलगद अंगावर घेतले, आणि मोठ्याने कण्हू लागले. कण्हणे सपशेल खोटे होते, तरी रोज दवाखान्यात ऐकून ऐकून त्यांस ते उत्तम साधले.

मातोश्रींनी एक थाप मारिली, आणि दुसरी, आणि मग तिसरी मारिली, ती ऐसी, की हाडकुळा तळवा लाल जाहला.

येणेप्रमाणे फत्ते थोरल्यांची जाहली, ती येथे दर्ज केली असे. वहिनीसाहेबांनी नौबत म्हणून मिक्सर लाविला. फत्ते ठरवून केलेली, हे सर्वांस ठाऊक होते, आणि थोरल्यांस सर्वांहून अधिक. तरी ते कंबरेस शेकाची पिशवी बांधून, पालथे पडल्या पडल्या, कारखान्यातल्या एकेका गड्यास फोन लावून सांगते जाहले, की आईनं तिसरी थाप मारली.