संडास सोडून सगळं

अमेरिकेत, मॉरिसव्हिलच्या ध्यानकेंद्रात मेश्राम काका संडास सोडून सगळं साफ करत.

केंद्राचा नियम असा होता: रविवारी सकाळी तासभर मौन धरून बसायचं, मग सगळ्यांनी मिळून इमारत स्वच्छ करायची. कामं आळीपाळीने. काका खिडक्या पुसत. पार्किंगमधली पानं अशी गोळा करत की शेजारच्या डेंटिस्टचंही अंगण साफ होई. दाराबाहेर कुणाचा बूट उलटा दिसला की त्याला फैलावर घेत. नागपूरला ते मुख्याध्यापक होते. संडासाची पाळी आली की मात्र हात मागे बांधून उभे राहत आणि "नो" म्हणत. कारण देत नसत.

मी त्यांचा शेजारी, मूळचा पुण्याचा. पत्नी गेल्यावर काका मुलाकडे आले. मुलगा आणि सून दिवसभर मीटिंगमध्ये. जवळपास विहार नाही आणि काकांना गाडी चालवता येत नाही. बुद्धासमोर चार माणसांबरोबर बसायची ही एकच जागा, म्हणून मी त्यांना नेत असे. तिथलं सगळं त्यांना पटत होतं असं नाही. केंद्र चालवणारा ग्रेग प्रत्येक प्रवचनात 'सोडून द्या' म्हणे. काका गाडीत बसल्या बसल्या विचारत, "काय सोडू? आमच्या हातात आत्ता तर आलं."

त्यांच्या संडासाच्या पाळ्या मी करत असे. पहिल्या वेळी जरा रेंगाळलो, तेव्हा त्यांनी विचारलं, "पुणेकर, तुमच्या घरी कोणी धुतले काय?" मी नाही म्हटलं. "मग धुवा. तुमच्यासाठी नवीन आहे."

गेल्या हिवाळ्यात ग्रेगने ही अदलाबदल बंद केली. चहाच्या वेळी, सगळ्यांसमोर, अत्यंत मृदू आवाजात त्याने काकांना समजावलं. ज्या कामाची किळस येते तेच माणसाला मुक्त करतं. नकार हा अहंकार असतो. संडास धुणं हे सर्वात मोठं ध्यान आहे.

काकांचं इंग्रजी उत्तम होतं, पण रागावत ते मराठीत. ते माझ्याकडे वळले.

"सांगा याले. माह्या मायनं जिंदगीभर हेच ध्यान केलं, सरकारी दवाखान्यात. एकाही डॉक्टरनं तिले नाव नाही विचारलं. मले शाळेत घातलं तेव्हा तिनं एकच गोष्ट मागितली, का या हातात तो ब्रश येऊ नये."

मी जसंच्या तसं सांगितलं. दोन बायकांनी डोळे मिटून छातीवर हात ठेवले. ग्रेगने हे मोकळेपणाने बोलल्याबद्दल काकांचे आभार मानले, ही जखम सोडून देण्याची सुंदर संधी आहे असं सांगितलं आणि ब्रश पुढे केला. नियम सगळ्यांना सारखा. जमत नसेल तर काकांनी काही दिवस येऊ नये.

काकांनी ब्रश घेतला नाही. बूट घातले. घरी येईपर्यंत एकच वाक्य बोलले: "समता शिकवून राह्यला मले."

पुढच्या रविवारी मी नेहमीच्या वेळी त्यांच्याकडे गेलो. मुलाने कानावरचा हेडफोन बाजूला करून सांगितलं, "बाबा ओके आहेत यार. गॅरेजमध्ये करतात आता."

गॅरेजमध्ये गवत कापायच्या मशीनशेजारी टेबल होतं. त्यावर बुद्धाची लहान मूर्ती, मेणबत्ती. काका इस्त्री केलेल्या पांढऱ्या कपड्यांत पाठमोरे बसले होते. विहारात एक जण ओळ सांगतो आणि बाकीचे ती मागून म्हणतात. काका ओळ सांगत होते, मग गप्प बसत होते. भरलेल्या विहाराला ती म्हणायला लागेल इतका वेळ. त्यानंतर पुढची ओळ.

मी मागे जाऊन बसलो. मला वंदना येत नाही. त्यांनी सांगितलेली ओळ मी हळूच मागून म्हटली.

काकांनी मागे पाहिलं नाही.

"जोरानं म्हणा," ते म्हणाले. "इथं कोणाचं ध्यान मोडत नाही."